‘तीन टक्क्यांचा बाऊ’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) बंद पेटीत ठेवला की तापतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. ‘९७ टक्के एफिशियन्सीच्या इन्व्हर्टरमधून उष्णता ती कितीशी निघणार? तीन टक्क्यांचा बाऊ करून लोकांना पंखे विकायचे धंदे.’ अहो, मी पंखे विकत नाही. लेखात एका कंपनीचं नाव नाही. मत पटत नसेल तर नसू द्या, पण थेट माणसाच्या पोटावर घसरायचं? सोलर बसवणं हेच माझं काम, तेही गच्चीवर उन्हात उभं राहून.

९७ टक्के एफिशियन्सी म्हणजे उरलेल्या तीन टक्के विजेची उष्णता होते; तेवढंच धरू. ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर भर दुपारी पूर्ण लोडवर असला की साधारण १५० वॉट उष्णता. उघड्या भिंतीवर, सावलीत, ती वाऱ्यावर जाते. तिथे तुमचं बरोबर. पण लेख पाऊस आणि चोराच्या भीतीने केलेल्या पत्र्याच्या बंद पेटीबद्दल होता, तेवढं वाचायचं राहिलं वाटतं. दोन फूट बाय दोन फूट, सव्वा फूट खोल पेटीत हे १५० वॉट कोंडले की आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढते. अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४३, तर आत ६३! बरेच इन्व्हर्टर ४५ च्या पुढे आपली पॉवर कमी करायला लागतात आणि ६० ही त्यांची कामाची हद्द. शिवाय दर १० अंशांमागे आतल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं (वीज साठवून प्रवाह सुरळीत ठेवणाऱ्या भागाचं) आयुष्य निम्मं होतं, ते वेगळंच.

दिवसभराच्या वीजनिर्मितीच्या ग्राफबद्दल तुम्ही लिहिता, ‘ग्राफ सपाट होतो तो पॅनल जास्त लावल्यामुळे’ म्हणे. तसं असेल तर रेषा इन्व्हर्टरच्या पूर्ण क्षमतेवर, ५ किलोवॉटवरच सपाट होईल, डिसेंबरातसुद्धा. तापल्यामुळे असेल तर ती साडेतीन-चार किलोवॉटवर अडकते आणि पेटीचं दार उघडल्यावर काही वेळाने वर सरकते. आधी दार उघडून बघा, मग बोला.

पेटी हवीच असेल तर खाली जाळी आणि वर, जाळीच्या विरुद्ध बाजूला हवा बाहेर फेकणारा १२० मिमीचा पंखा लावा, ४० अंशांना चालू होणाऱ्या थर्मोस्टॅटवर. आतबाहेरचा फरक १० अंशांत ठेवायला ताशी ४५ घनमीटर हवा पुरते, पण पंखा घेताना त्यावरचा हवेचा आकडा याच्या दुप्पट-तिप्पट बघा. जाळी आणि धूळ बरीचशी हवा अडवतात. खालची जाळी पंख्याच्या तोंडापेक्षा लहान नको, नाहीतर पंखा नुसताच घुं घुं करतो.

लेखातल्या चित्रातली अक्षरं मोबाइलवर दिसत नाहीत, हे मात्र मान्य. मोठं चित्र टाकतो. बाकी लेड-अ‍ॅसिड बॅटरी त्याच पेटीत ठेवा म्हणता, त्यावर काय बोलणार? चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, एवढं तरी माहीत असेल.