सातवा महिना आणि आत्याचे कॅथेड्रल

आमच्या घराण्याचा मेळावा भरवायचे ठरले आणि स्मरणिकेत छापायची वंशावळ माझ्या गळ्यात पडली, कारण बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला जुन्या वह्या चाळण्याची हौस असणारच, असे सर्वांनी परस्पर ठरवून टाकले होते. वंशावळीचे पहिले वाक्य मात्र आत्याने आधीच तयार ठेवले होते. तिच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा, बाप्तिस्मा वसईच्या किल्ल्यातील कॅथेड्रलमध्ये झाला. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिच्या वाक्यात दुरुस्ती सुचवण्याची आमच्याकडे प्रथा नाही.

तरी मी धीर केला. किल्ल्यातील संत जोसेफच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर १६०१ सालचा शिलालेख आहे, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर पोर्तुगीज तेथून गेले, आणि त्यानंतर दीडशे वर्षांनी जन्मलेल्या पणजोबांचा बाप्तिस्मा त्या बिनछपराच्या भिंतींत झाला असेल, तर तो थेट पावसाच्या पाण्याने झाला असला पाहिजे. शिवाय कॅथेड्रल म्हणजे बिशपांच्या आसनाचे चर्च. वसईला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला १९९८ साली. पोर्तुगीज अमदानीत सारा कारभार गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता आणि शिलालेखात त्या चर्चला ‘मात्रिझ’, म्हणजे धर्मग्रामाचे मुख्य चर्च, एवढेच म्हटले आहे. माझे सगळे ऐकून घेऊन आत्या म्हणाली, “वही बघून ये, मग बोल.”

बाप्तिस्म्याची वही ठेवण्याची सक्ती कॅथलिक चर्चने १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेत केली. त्यामागचा हेतू माझ्यासारख्यांची सोय करणे हा अर्थातच नव्हता. बाळाला हातावर घेणारे धर्ममातापिता त्याचे आध्यात्मिक नातलग ठरत आणि अशा नात्यात विवाह निषिद्ध असे, म्हणून त्यांची नावे लिहून ठेवणे भाग होते. हा तपशील मला तेव्हा निरुपद्रवी वाटला होता.

आमच्या धर्मग्रामाच्या फादरांनी रविवारच्या मिसानंतर दीड तास वही पाहण्याची परवानगी दिली. पहिलेच पान उलटताना कसरीने कुरतडलेला कोपरा बोटाला चिकटून आला आणि मी तो कोणाच्या नकळत जागेवर ठेवून दिला. शाईने कागद इतका खाल्ला होता की मागच्या पानावरचे बाळ पुढच्या पानावरच्या बाळाच्या कुशीत शिरले होते. मजकूर पोर्तुगीज, आणि तोही काटकसरीचा, कारण ‘फ्रान्सिस्को’ची तीन-चार अक्षरांत बोळवण केलेली आणि ‘मारिया’चे जेमतेम पहिले व शेवटचे अक्षर उरलेले. त्यात आमच्याकडे डिमेलो, परेरा, लोपीस अशा मोजक्या आडनावांत अख्खे गाव मावते. एका वर्षात मला पणजोबांच्या नावाचे अकरा जुझे सापडले आणि त्यांतल्या चौघांच्या आईचे नाव मारियाच होते.

पणजोबा बांद्र्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरात, जन्मले, हे आत्याचे दुसरे ठाम विधान. एका नोंदीत बापाचे नाव, आईचे नाव आणि पाखाडी, म्हणजे वस्ती, सगळे तंतोतंत जुळत होते, पण महिन्याच्या जागी सातचा आकडा आणि त्याला चिकटून ‘ब्रो’ असे काहीतरी होते. सातवा महिना जुलै, हे मी अडतीस वर्षे धनादेशांवर पाहत आलो होतो. ती नोंद बाद करून पुढचे तीन रविवार मी बाकीच्या जुझेंची विचारपूस करण्यात घालवले.

चौथ्या रविवारी ‘१०ब्रो’च्या २५ तारखेला जन्मलेल्या एका मुलीचे नाव नातालिना ठेवलेले दिसले आणि माझा चहा बशीत सांडला. (वहीपासून हातभर दूर, फादर समोरच बसले होते.) नाताळ ऑक्टोबरात कसा येईल? जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून मोजत, म्हणून सप्टेंबर सातवा आणि डिसेंबर दहावा. लिहिणाऱ्याने ‘सेतेंब्रो’मधला ‘सेत’, म्हणजे सात, आकड्यात उरकून टाकला होता. जुलैतले म्हणून मी हाकलून दिलेले बाळ हेच माझे पणजोबा होते.

नोंद उतरवून घेऊन मी आत्याकडे गेलो. बाप्तिस्मा आमच्याच चर्चमध्ये झाल्याचे तिने आश्चर्यकारक शांतपणे ऐकले, कारण सप्टेंबर खरा ठरल्याने ती खुशीत होती. मग मी धर्मपित्याचे नाव वाचले. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावरून ज्या घराशी आमचे तीन पिढ्या बोलणे नाही, ज्यांच्या दारावरून जाताना आत्या आजही पदर तोंडाला लावते, त्या घराचे ते मूळपुरुष होते.

आत्याने कागद हातात घेतला, चष्म्याच्या वरून आणि खालून तपासला, आणि घडी घालून मला परत दिला.

“अरे, ज्या माणसाला साधा सप्टेंबर लिहिता येत नाही,” ती म्हणाली, “त्याने लिहिलेल्या नावावर काय विश्वास ठेवायचा? तू आपले किल्ल्यातले कॅथेड्रलच छाप.”