कॅन्सर झालेल्या बाईला डायवरून बोलू नका

आपल्याकडं कोल्हापुरात एखाद्या बाईला स्तनाचा कॅन्सर झाला, की भेटायला येणाऱ्यांत कुणीतरी म्हणतंच, "लई डाय लावायची न्हवं, त्यानंच झालं असणार." माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत हे मी माझ्या कानांनी ऐकलं, तेही त्यांच्या तोंडावर, केमो चालू असताना. बोलणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या रात्री जाऊबाई मला विचारत होत्या, "खरंच माझ्याच हातानं झालं का गं हे?" त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

शंका अगदीच हवेतली नाही, हे आधी मान्य करते. १९७५ साली अमेरिकेत ब्रूस एम्स हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातले १६९ परमनंट डाय जिवाणूंवर तपासले. त्यातल्या १५० डायनी जिवाणूंच्या जनुकांत बदल घडवले, आणि असे बदल घडवणारा पदार्थ माणसांत कॅन्सरही करू शकतो, अशी शंका असते. पुढं कंपन्यांनी काही घटक काढून टाकले. २०१९ मध्ये ४६ हजारांवर अमेरिकन बायकांचा अभ्यास आला. या सगळ्या जणींच्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झालेला होता. परमनंट डाय वापरणाऱ्यांत धोका ९ टक्क्यांनी जास्त निघाला, कृष्णवर्णीय बायकांत ४५ टक्क्यांनी. केस सरळ करायच्या केमिकलचा आकडा १८ टक्के होता, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. नंतर २०२० मध्ये १ लाख १७ हजार नर्सेसचा, ३६ वर्षं चाललेला अभ्यास आला. त्यात एकूण स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला नाही, फक्त काही विशिष्ट प्रकारांत थोडी वाढ दिसली.

आता ९ टक्के म्हणजे काय? फॉरवर्ड वाचून लोकांना वाटतं, डाय लावणाऱ्या शंभरातल्या नऊ जणींना कॅन्सर होणार. तसं नाही. समजा, डाय न लावणाऱ्या हजार बायकांत चाळीस जणींना हा आजार होणार असेल, तर लावणाऱ्या हजारात त्रेचाळीस-चव्वेचाळीस जणींना होईल. त्या तीन-चार जणीही कुणाच्या तरी आई-बहिणी आहेत, म्हणून हा आकडा मी उडवून लावत नाही. पण समोर बसलेल्या एकीकडं बोट करून "तुला डायनंच झालं" असं सांगणं कुठल्याही डॉक्टरला शक्य नाही. मग ते शेजारणीला कसं कळतं? वाढतं वय, घराण्यातला आजार, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, दारू, ही कारणं याहून कितीतरी पक्की आहेत. जाऊबाईंच्या सख्ख्या मावशीला हाच आजार होता, ते त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही.

आणि पांढरे केस घेऊन लग्नकार्याला गेलं की "काय गं, म्हातारी दिसायलीस" म्हणणारी तोंडंही हीच. मिशा काळ्या करणाऱ्या बाप्यांना कुणी काही विचारत नाही.

काळजीच करायची असेल तर पार्लरमधल्या मुलींची करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं घरी स्वतःपुरता डाय लावण्याला कॅन्सरकारक ठरवलेलं नाही, त्याला पुरावा अपुरा आहे असं म्हटलंय. पण केशकर्तनाचा धंदा करणाऱ्यांच्या कामाला 'बहुधा कॅन्सरकारक' म्हटलंय, तेही मुख्यतः मूत्राशयाच्या कॅन्सरमुळं. राजारामपुरीतल्या एका पार्लरमध्ये मी समोर बसून बघितलंय. वाटीतली पांढुरकी क्रीम पेरॉक्साइड घातल्यावर बघता बघता काळपट होत जाते, अमोनियाचा वास नाकात चढतो, आणि ती मुलगी उघड्या बोटांनी भांग पाडत असते. नखांच्या कडा कायमच्या काळ्या. "ग्लोव्हज घातलं की केस हातात धरायला येत न्हाईत वैनी," म्हणाली. मी आता ग्लोव्हज घातल्याशिवाय लावून घेत नाही, आणि तुम्हीही तेवढा आग्रह धरा.

काळ्या मेंदीचंही सांगते. "मी डाय नाही गं, मेंदी लावते," असं बऱ्याच जणी सांगतात. नुसत्या मेंदीनं केस लालसर-केशरीच होतात. अर्ध्या तासात काळेभोर होत असतील तर त्या पुडीत बहुतेक पीपीडी असतं, म्हणजे डायमधलाच घटक. त्यानं काही जणींच्या कातडीला जबर ॲलर्जी येते, डोळे सुजून बंद होतात. कानामागं थेंबभर लावून दोन दिवस वाट बघा, मगच डोक्याला लावा.

जाऊबाईंना गाठ लागली होती ती दिवाळीच्या आधी. दाखवली संक्रांत झाल्यावर. लाज वाटली, आणि घरात कामं होती. टाटा मेमोरियलनं मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं, तरी पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, मोठा खर्च नाही. तिशीच्या पुढच्या बायकांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून फुकट करायची, असा कार्यक्रमच आहे. आमच्या भिशीतल्या किती जणींनी ती करून घेतलीय म्हणून मी विचारलं, तर एकीनंही नाही.

येत्या शनिवारी सकाळी आम्ही काही जणी मिळून आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात जाणार आहोत. जाऊबाईही सोबत येतायत. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या कुणाला एकटीनं जायला संकोच वाटत असेल, तर मला कळवा, आपण बरोबर जाऊ.