अंगठा जुळला नाही म्हणून बाप बदलत नाही

परवा रात्री धाकट्या बहिणीचा सिडकोतून फोन, नुसती रडत होती. भाचा अकरा महिन्यांचा, सासरच्यांनी आलेला एक मेसेज वाचून त्याच्या अंगठ्याला स्टॅम्प पॅडची शाई फासून कागदावर ठसा घेतला आणि शेजारी बापाचा. बापाचं चक्र, पोराचा म्हणे शंख. झालं, घरात कुजबुज सुरू! तिने फोटो पाठवला, वाटाण्याएवढा निळा डाग, त्यात रेषा कुठल्या दिसायला? अहो, आधारवालेसुद्धा पाच वर्षांखालच्या पोरांचे ठसे घेत नाहीत.

मुळात मेसेज काय तर "मुलाचा उजवा अंगठा बापावर जातो, जुळला नाही तर रक्त वेगळं. जुळ्यांचे ठसे सेम असतात. दहा चक्रवाला घराण्याचं नाव काढतो."

पहिल्याच वाक्यावर डोकं फिरतं. बाकीचं सोडा, आत्ता स्वतःचीच दहा बोटं बघा. एखाद्या बोटावर चक्र, शेजारच्यावर शंख, असं बहुतेकांचं असतं. डीएनए दहाही बोटांत एकच ना? मग एकाच माणसाची बोटं एकमेकांशी जुळत नाहीत तर बाप-लेकाचा एक अंगठा जुळलाच पाहिजे हा कायदा कुणी केला? बाप कोण हे डीएनए टेस्टने कळतं, शाईने नाही.

हां, ठशांचा नमुना थोडाफार घराण्यात चालतो, हे मान्य. २०२२ मध्ये 'सेल' या जर्नलमध्ये २३,००० हून जास्त लोकांचा अभ्यास आला, त्यात ठशांशी संबंध असलेल्या जनुकांच्या ४३ जागा सापडल्या. त्रेचाळीस! त्यातली बरीच जनुकं गर्भात हातपाय घडवणारी, आणि ती आईकडूनही येतात, हे मेसेजवाल्याला सुचलंच नाही. शिवाय तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गर्भाच्या बोटाच्या टोकाला जो फुगवटा असतो तो केवढा असतो आणि कधी ओसरतो त्यावरही नमुना ठरतो, म्हणून आईबाप दोघांचे शंख असून पोराला चक्र येऊ शकतं, आणि उलटही.

जुळ्यांचं तर साफ खोटं, एकसारख्या जुळ्यांचेही ठसे मिळतेजुळते असतात पण सेम नसतात. दहा चक्रांवर मी वेळ घालवणार नाही.

ज्यांनी तो मेसेज बहिणीच्या घरी पाठवला त्यांनी हेही तिथेच पाठवा. आणि सासरच्यांनो, तो निळ्या डागाचा कागद फाडा आणि आधी तिची माफी मागा.