तिळगूळ घ्या आणि ब्राइस यंगबद्दल गोड बोला

लिहिणार नव्हते. नवरा म्हणाला, झोप आता, उद्या सोमवार आहे. पण लिहिल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

संक्रांत बुधवारी असली तरी इथे अमेरिकेत शार्लटला आपले सगळे सण शनिवार-रविवारीच येतात, त्यामुळे हळदीकुंकू आजच झालं. वहिनींच्या गुळाच्या पोळ्या, काळ्या साड्या, सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात एका गृहस्थांनी (नाव घेत नाही, वाचत असतील) माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोला" म्हणाले आणि त्याच श्वासात, "काय, हरला ना काल तुमचा यंग? चोवीस साली बसवला होता तेव्हाच कायमचा बसवायला हवा होता."

तोंडात तिळगूळ होता म्हणून गप्प राहिले. जेमतेम अर्धा मिनिट.

पुण्या-सांगलीच्या मंडळींसाठी सांगते. ब्राइस यंग हा आमच्या कॅरोलायना पँथर्सचा क्वार्टरबॅक. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल आधी याच्या हातात येतो, आणि समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत कुणाला फेकायचा ते यानं ठरवायचं. वय चोवीस. उंची ५ फूट १० इंच. आपल्याकडे स्थळ बघताना याला चांगला उंच म्हणतील, पण या खेळात बुटका. त्याच्या स्वतःच्या पुढे उभे राहून त्याला वाचवणारेही सव्वासहा-साडेसहा फुटी, त्यांच्यावरून पलीकडचं दिसायला हवं ना.

अलाबामा विद्यापीठात असताना २०२१ साली हाइझमन ट्रॉफी मिळाली, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वात मोठा मान. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं कॉलेजमधली नवी पोरं निवडतात तिथे, पहिला निवडला गेला. तो पहिला नंबर मिळवायला पँथर्सनी शिकागोच्या संघाला काय काय दिलं? त्या वर्षीच्या निवडीतले आपले दोन नंबर, २०२४ ची पहिल्या फेरीची निवड, २०२५ ची दुसऱ्या फेरीची, आणि वर डी. जे. मूर. म्हणजे ज्याच्याकडे बॉल फेकायचा तो आपला सर्वात भरवशाचा खेळाडूच देऊन टाकला. पोराला गाडी घेऊन द्यायची आणि चाकं विकून पैसे भागवायचे, त्यातली गत.

पहिलं वर्ष: १७ पैकी २ मॅच जिंकले. ६२ वेळा पोराला बॉलसकट जमिनीवर आपटलं. बासष्ट! अकरा मॅच झाल्यावर कोच फ्रँक राइकला काढून टाकलं. मालक डेव्हिड टेपर यांनी जॅक्सनव्हिलला समोरच्या प्रेक्षकांवर हातातलं ड्रिंक फेकलं, ३ लाख डॉलर दंड भरला. आणि खापर कुणावर? बावीस वर्षांच्या पोरावर. त्याच्यानंतर दुसऱ्या नंबरवर निवडलेला सी. जे. स्ट्राउड ह्यूस्टनमध्ये चमकला, त्यामुळे "याच्याऐवजी तो घ्यायला हवा होता" हे इथे ऑफिसात, जिममध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, सगळीकडे ऐकलंय मी.

दुसऱ्या वर्षी नवा कोच आला, डेव्ह कॅनालेस. पहिली मॅच ४७-१० हरले, दुसरी २६-३. तिसऱ्या मॅचला यंग बेंचवर.

बेंच. हिंजवडीत नोकरी केलेल्यांच्या पोटात हा शब्द वाचून गोळा आला असेल. आपल्याकडे बेंच म्हणजे बाकडं नसतं. पगार चालू, काम नाही, आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं ते कळत नाही, ती बेंच.

२००८. माझी पहिली नोकरी. कंपनीचं नाव सांगत नाही, आता काय उपयोग. दुसऱ्याच महिन्यात माझ्याकडून क्लायंटच्या सिस्टीमवर चुकीची फाइल चढली. चूक माझीच, पण ती फाइल तपासायला जे दोन सीनियर होते ते त्या आठवड्यात रजेवर, आणि मॅनेजर साहेबांनी मला एकटीला बसवलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. "तू जरा बेंचवर बस, दडपण कमी होईल तुझं." माझ्या भल्यासाठी बरं का!

तिसऱ्या मजल्यावर ट्रेनिंग रूमच्या दारात एक रजिस्टर असायचं आणि दोरीनं बांधलेलं पेन. दोरी इतकी आखूड की सही करायला वाकावंच लागायचं. रोज साडेनऊला वाकायचं. सदतीस सह्या केल्या मी. डबा जिन्यात बसून खायचे, म्हणजे टीममधलं कुणी दिसायला नको. आई रोज फोनवर विचारायची, आज काय काम केलंस गं? मी रोज नवीन काहीतरी रचून सांगायचे. तिला अजून माहीत नाही. आई, वाचत असलीस तर सॉरी.

तर यंगच्या जागी आला अँडी डॉल्टन, छत्तीस वर्षांचा, मुरलेला. पहिली मॅच ३६-२२ जिंकली आणि गावभर जल्लोष, बघा बघा, दोष पोराचाच होता! पुढच्या चारही हरले. तेव्हा मात्र कुणाला "बघा" म्हणायची आठवण झाली नाही. मग डॉल्टनच्या गाडीला अपघात झाला, अंगठा दुखावला आणि यंगला परत मैदानात सोडलं. नीट वाचा. तो सुधारला म्हणून परत आणला नाही. दुसऱ्याचा अंगठा दुखावला म्हणून आणला.

माझ्या बाबतीत कांजिण्या. माझ्या जागी आलेल्या सीनियरला कांजिण्या झाल्या, क्लायंटची तारीख तोंडावर, आणि सिस्टीम माहीत असलेली दुसरी एकच व्यक्ती जिन्यात बसून मटकीची उसळ खात होती.

हे सगळं त्या गृहस्थांना इतकं सविस्तर नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, "अहो, त्याच पोरानं आठ आठवड्यांपूर्वी अटलांटात बॉल फेकून फेकून संघाला ४४८ यार्ड मिळवून दिले. पँथर्सच्या इतिहासात एका मॅचमध्ये एवढे कुणी मिळवले नव्हते, आपल्या जुन्या क्वार्टरबॅकनं, कॅम न्यूटननंसुद्धा नाही." तर म्हणतात कसे, "हां, पण ते बेंचवर बसवलं म्हणूनच ना! चांगला धडा मिळाला."

इथे माझं डोकं फिरलं. कायमचा बसवायला हवा होता की बसवलं म्हणून सुधारला? एक काहीतरी ठरवा ना!

पाच वर्षांनी मी ती नोकरी सोडली. केक कापला. मॅनेजर साहेबांनी भाषण केलं आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला सुरुवातीला मी बेंचवर बसवली, म्हणून आज ही अशी घडली." टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या! हातात केकची प्लेट धरून वाजवल्या. सतरा-अठरा वर्षांत माझा मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्या टाळ्यांचा. त्यांनी घडवली? मग त्या कांजिण्यांचा पण सत्कार करायचा ना, शाल-श्रीफळ देऊन.

बरं, मान्य. २६-३ च्या मॅचमध्ये तो वाईट खेळला, डोळ्यांनी बघितलंय. मान्य, त्याला कोट्यवधी डॉलर मिळतात आणि मला महिन्याला अठरा हजार मिळायचे. आणि हो, यंदा, २०२५ च्या मोसमात, ८ मॅच जिंकून आणि ९ हरून गटात पहिले आले, तेही स्वतः शेवटची मॅच हरून, दुसऱ्यांच्या निकालाच्या जिवावर. झालं समाधान?

चहा करून आले. आता जरा बरं वाटतंय.

कालची मॅच तुम्ही बघायला हवी होती. २०१७ नंतर पहिल्यांदा आम्ही प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, समोर लॉस एंजेलिसचा रॅम्स संघ. नोव्हेंबरमध्ये त्यांना इथेच ३१-२८ नं हरवलं होतं, पण काल कुणाला आशा नव्हती. शेवटची अडीच-पावणेतीन मिनिटं राहिली असताना यंगनं आमच्या कोकरला टचडाउन फेकला, म्हणजे थेट गुणांच्या पट्ट्यात बॉल पोचवला, आणि आम्ही ३१-२७ नं पुढे! माझा मुलगा सोफ्यावर उभा. मी त्याला ओरडले नाही, कारण मीही सोफ्यावर उभी होते. मग त्यांचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड आला, सदतीस वर्षांचा, आणि ३८ सेकंद उरले असताना त्यानं मॅच काढून नेली. ३४-३१.

मला तो टचडाउन आठवत नाहीये इतका, जितका त्याचा चेहरा. बॉल रॅम्सकडे, म्हणून हेल्मेट काढून बाकड्यावर बसलेला. आता करण्यासारखं काही नव्हतं त्याच्या हातात. पण या वेळी बसवलेला नव्हता तो, वाट बघत बसलेला होता. दोन्हींत फरक आहे आणि तो लांबूनही दिसतो.

हां, तर हळदीकुंकू. मी जरा मोठ्यानं बोलले बहुतेक. वहिनी मधे पडल्या, "अहो पोळी घ्या, तूप घेतलंत का?" विषय संपला. रजिस्टरची, कांजिण्यांची गोष्ट मग स्वयंपाकघरात वहिनींना सांगितली, भांडी लावता लावता. तिथे टेबलापाशी बावीस-तेवीस वर्षांची तीन-चार मुलं फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मला वाटलं त्यांचं लक्षच नाही.

निघताना दारात चपला शोधत होते. त्यातला एक मागून आला, माझी चपल ढिगातून काढून दिली. मग हळूच म्हणाला, "काकू, ते सदतीस दिवस... तुम्ही घरी सांगितलंच नाही कुणाला?"

मी म्हटलं, नाही रे.

"मग बोलायचात कुणाशी?"

गाडी गरम करून नवरा हॉर्न वाजवत होता. मी चपल परत काढून ठेवली आणि आत आले.