एक वेलांटी दुरुस्त करून घेताना घ्यावयाची काळजी

तुमच्या सातबाऱ्यावर चूक आहे? अभिनंदन. राज्यकारभार आतून बघायची अशी संधी ठाणेकराला इलेक्शन ड्युटीखेरीज कुठे मिळते! माझे वडील हस्तलिखित उताऱ्यावर 'दिनकर' होते. संगणकीकरणात ते 'दीनकर' झाले. दिनकर म्हणजे सूर्य. दीनकर म्हणजे दीन करणारा. मृत्यूच्या दाखल्यावर सूर्यच आहे, म्हणून आईची वारसनोंद अडली. परवा सहावी खेप झाली, त्या जोरावर चार शब्द सांगतो.

चूक कार्यालयाने केली तरी अर्ज आपणच करायचा. आणि तिला चूक म्हणायचं नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तो 'लेखनप्रमाद' असतो. प्रमाद म्हटलं की कुणाला लागत नाही.

उतरंड पाठ करा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पाटी नवी, कुलूप जुनंच), मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, कोर्ट नाक्याला जिल्हाधिकारी, बेलापूरला कोकण भवनात विभागीय आयुक्त, त्यावर मंत्रालय. वेलांटीचं काम तहसीलदारापाशीच संपतं, पण बाकड्यावर बसल्या बसल्या मोजायला बरी पडतात.

झेरॉक्स दुप्पट काढा. का ते विचारू नका.

आता साहेब. साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला, असतात. नाहीतर दौऱ्यावर. नाहीतर त्यांच्याकडे दुसऱ्या जागेचा अतिरिक्त कार्यभार असतो, म्हणजे इथे विचारलं तर 'तिकडे' आणि तिकडे गेलात तर 'आत्ताच इकडे निघाले'. शनिवारी जाऊ नका. २९ फेब्रुवारी २०२० पासून आठवडा पाच दिवसांचा आहे. त्या बदल्यात कचेरी पावणेदहा ते सव्वासहा. म्हणून मी ठाण्याहून सकाळची लोकल, पुढे एसटी करून बरोबर पावणेदहाला हजर. पंखे फिरत होते. त्यांच्याखाली कुणी नव्हतं. साडेअकराला एक भाऊसाहेब आले, त्यांच्यापुढे मी शहाण्यासारखा दप्तर दिरंगाई कायदा काढला. २००५ चा कायदा, १ जुलै २००६ पासून लागू. साधी फाईल एका टेबलावर कामाच्या ७ दिवसांहून जास्त ठेवायची नाही. निर्णयापर्यंत तीनपेक्षा जास्त पायऱ्या नकोत. दुसऱ्या खात्याला विचारायचं नसेल तर ४५ दिवसांत निकाल. माझ्या फाईलला ७१ दिवस झालेत! भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "काका, कायदा आहे हो, माणूस कुठंय? माझ्याकडे तीन टेबलं आहेत."

खरं बोलला बिचारा. त्याच्यावर राग नाही. पण मग जागा रिकाम्या ठेवल्या कुणी? एका माणसाच्या गळ्यात तीन टेबलं बांधायची, बदल्यांच्या मोसमात त्यालाही उचलायचं, नव्या माणसाला फाईल सापडत नाही म्हणून आपल्याकडून पुन्हा अर्ज घ्यायचा, आणि याला व्यवस्थापन म्हणायचं? मूळ हस्तलिखित उतारा तुमच्याच दप्तरात आहे. त्यावर 'दिनकर' ठळक लिहिलंय. उघडा आणि बघा!

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. परवा ती जिन्यात बसून होती, कारण बाकड्यावर तुमचे गठ्ठे होते. "बाई, वाटेतून सरका," म्हणालात तिला. लाज वाटायला हवी. वेलांटी तुम्ही मोडलीत, खेपा आम्ही घालतोय, आणि आवाज तुमचा चढतो? ते गठ्ठे उचला आधी. आणि पावणेदहा म्हणजे पावणेदहाला खुर्चीत येऊन बसा.