गळका सभासद

नोटीस बोर्डावर माझं नाव आलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आलाय तो फक्त आकडा. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीत पाण्याची गळती होत असून गळक्या सभासदांनी आठ दिवसांत दुरुस्ती करून घ्यावी" एवढा टाइप केलेला मजकूर, आणि 'गळक्या सभासदांनी' याच्या बरोबर डोक्यावर, लाल पेनाने, कंसात: (३०२). लिफ्ट येईपर्यंत आमच्याकडे वाचायला दुसरं काही नसतं. त्यामुळे तळमजल्यापासून सातव्यापर्यंत सगळ्यांचं वाचून झालं. दूधवाल्याचंसुद्धा. त्याला मराठी वाचता येत नाही, पण आकडे येतात. "आप ही गलका है क्या?" असं त्याने मला पिशवी देता देता विचारलं.

गळत मी नव्हतो. गळत होती संडासाची टाकी. टाकीच्या तळाशी काळ्या रबराची एक झडप असते, तिला फ्लॅपर म्हणतात. फ्लश दाबला की साखळी तिला वर ओढते, पाणी भांड्यात पडतं, ती परत भोकावर बसते. रबर म्हातारं झालं की ती नीट बसत नाही. पाणी गुपचूप भांड्यात झिरपत राहतं, टाकीतली पातळी उतरते, मग बॉल कॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्याचा नळ, जागा होतो आणि टाकी पुन्हा भरून घेतो. हे सगळं कोणी हात न लावता. रात्री दोनला अचानक 'खळ्ळ… शूऽऽ' सुरू, मिनिटभराने गप्प. आम्हाला त्याची सवय झाली होती. बायको तर म्हणायची, आजोळी मागच्या पन्हळीचा असाच आवाज यायचा, छान झोप लागते.

मग दुरुस्त का नाही केलं? अहो, मुलुंड पूर्वेला राहतो मी. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. गेली अकरा वर्षं जाणार आहे. या अकरा वर्षांत आमच्या इमारतीत कोणी खिळा बदललेला नाही. फरशी तडकली? जाऊ दे, तोडणारच आहेत. ग्रिल गंजलं? कशाला खर्च करताय. एका बिऱ्हाडाने तर मुलाचं लग्न नव्या हॉलमध्येच करू म्हणून लांबवलं होतं. मुलाने शेवटी कंटाळून कोर्टात जाऊन केलं.

तर त्या रविवारी सकाळी पावणेसातला बेल वाजली. दारात आमच्या बरोबर खालच्या, २०२ मधले काका. बनियन, लेंगा, कानावर पेन, काखेत लांबट हिशेबाची वही. आयुष्यभर ऑडिटमध्ये काढलेला माणूस. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण ऑडिट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

"आत येऊ का? जरा खाजगी आहे."

मी बसवलं. ते इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "बाबा कसे आहेत?"

"मजेत आहेत."

"नाही, म्हणजे… रात्रीचे?"

"झोपतात की."

"असं तुम्हाला वाटतं." त्यांनी वही उघडली. "मंगळवार. बारा पाच. एक वाजता. एक पंचावन्न. दोन पन्नास. तीन पंचेचाळीस. बुधवार. बारा वीस. एक पंधरा. पुढचं वाचत नाही, तुमच्या लक्षात आलं असेल."

"हे काय आहे, काका?"

"तुमच्याकडच्या फ्लशच्या वेळा. माझ्या बेडरूमच्या भिंतीला लागूनच पाइपांची डक्ट आहे. दर पंचावन्न मिनिटांनी! घड्याळ लावून घ्यावं." मग ते माझ्याकडे सरकले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "प्रोस्टेट ना?"

आमचे बाबा अठ्ठ्याहत्तरचे. त्यांना टीव्हीवरची बातमी ऐकू येत नाही, पण नको तो शब्द दोन खोल्यांपलीकडून येतो. पेपर हातात घेऊनच ते बाहेर आले. "कोणाला प्रोस्टेट?"

"कोणाला नाही, बाबा."

"मी रात्री एकदाही उठत नाही!" बाबा काकांना म्हणाले.

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," काका अत्यंत प्रेमाने म्हणाले. "मीपण म्हणायचो."

"अहो, एकदाही नाही!"

"लाजायचं कशाला त्यात? आमचे डॉक्टर फार चांगले आहेत. दुर्बिणीतून करतात. तिसऱ्या दिवशी घरी." आणि त्यांनी बनियनच्या आत हात घालून एक चिठ्ठी काढली. डॉक्टरांचं नाव, वेळ, खाली 'माझं नाव सांगणे' असं अधोरेखित. तीन आठवडे हा माणूस रात्र रात्र जागून आमच्या बाबांसाठी हळहळत होता. मला भरून आलं. म्हणून खरं सांगून टाकलं, आणि तिथेच चुकलं. "काका, ते कोणी उठत नाही. टाकीची झडप खराब झालीय. आपोआप भरते ती."

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. ज्या रोग्यासाठी एवढं केलं तो रोगी म्हणजे एक रबराची चकती निघाली. त्यांनी चिठ्ठीची चौकोनी घडी घातली, बनियनमध्ये परत ठेवली आणि कानावरचं पेन काढलं. पेन लाल होतं. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा.

"टाकी किती लिटरची?"

"दहा असेल."

"दर वेळी किती उतरते?"

"निम्मी."

"पाच लिटर. दर पंचावन्न मिनिटांनी. चोवीस तासांत सव्वीस वेळा." ते वहीत लिहीत होते. "एकशे तीस लिटर. शहरात माणशी रोजचं पाणी किती धरतात माहीत आहे? एकशे पस्तीस. सरकारी मापदंड आहे. सोसायटीच्या रजिस्टरला तुम्ही चार माणसं दाखवलीत. पाण्याच्या हिशेबाने पाच आहेत." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हा पाचवा कोण?"

"काका, पाचवा कोणी नाही."

"मग मेंटेनन्स चौघांचा का भरता?"

आमच्याकडे मेंटेनन्स डोक्यावर नसतो, फ्लॅटवर असतो. पण ऑडिटवाल्याला मधे टोकायचं नसतं. पुढची वीस मिनिटं तानसा झाला, वैतरणा झाली, १८९२ साली तानसाचं पाणी मुंबईत कसं आलं ते झालं. "वैतरणेचं पाणी! इथे शेजारी भांडुपला शुद्ध करतात! आणि तुम्ही ते न वापरता सरळ भांड्यात सोडता?" मेल्यावर वैतरणी पार करायची असते एवढंच मी ऐकून होतो. जिवंतपणी तिच्यात बुडवलेला मी पहिलाच असेन. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली.

पहिल्यांदा प्लंबरला बोलावलं. तो तीन दिवस 'रस्त्यात' होता. मुलुंडला यायला तीन दिवस लागतात असे रस्ते कोणते, मला माहीत नाही. चौथ्या दिवशी आला, झाकण उचललं, आत बघितलं, डॉक्टरांसारखी मान हलवली आणि म्हणाला, "पूरा सेट बदलना पडेगा. साडेपाँच हजार. वैसे बिल्डिंग तो टूटनेवाली है ना?" तेव्हा ठरवलं, आपणच करायचं.

स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात फ्लॅपर मागितला. "वो क्या होता है?" रबर का ढक्कन. "सँपल लाया?" नाही. "सँपल के बिना कैसे देगा?" मुंबईत एकवेळ सुनेला पुराव्याशिवाय घरात घेतील, वॉशर सँपलशिवाय कोणी देणार नाही. म्हणून घरी येऊन ती झडप काढली. हात कोपरापर्यंत काळे. सडलेलं रबर काजळासारखं सुटतं आणि साबणाला दाद देत नाही. ते ध्यान श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून पुन्हा गेलो. मालकाने डबा उघडला, हुंगला, मिटला. "ये माल इधर नहीं. लोहार चाळ जाओ."

गेलो. डबा मांडीवर घेऊन मुलुंड ते सीएसएमटी. शेजारच्या बाईंनी घाटकोपरपर्यंत डब्याकडे कौतुकाने बघितलं, कुर्ल्यापासून संशयाने. क्रॉफर्ड मार्केटच्या पुढे, लोहार चाळीच्या गल्लीत, पाचव्या दुकानात एका पोराने डब्यात नजर टाकून, न हुंगता, एका शब्दात विचारलं, "दो इंची?" मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. हे फ्लॅपर दोन इंची असतात नाहीतर तीन इंची, आणि चुकीचा आणलात तर पुन्हा मुलुंड ते सीएसएमटी. १८० रुपये. साडेपाच हजार आणि १८०! हा मधला फरक कशाचा, हे त्या प्लंबरला विचारायचंय, पण तो अजून रस्त्यात आहे.

परतीच्या गाडीत मला गिरगावातलं आजोळ आठवत होतं. गॅलरीच्या टोकाला संडास, वर छताला टेकलेली बिडाची टाकी, लोंबती साखळी. ती टाकी गंजली, तिचा आवाज मालगाडीसारखा झाला, पण अशी चोरून गळली नाही कधी. कारण आत सायफन. सायफनमध्ये पाणी आधी वर चढवावं लागतं, तेव्हा ते खाली पडतं. तुम्ही ओढल्याशिवाय ते कुठे जातच नाही. इंग्रज या बाबतीत भलते कडक. त्यांच्या देशात नव्या संडासांना २००१ पर्यंत झडपेची टाकी लावायला परवानगीच नव्हती, का तर झडप आज ना उद्या गळणार. बरोबरच आहे. चोवीस तास डोक्यावर पाणी घेऊन भोकावर बसून राहायचं, कोणी विचारायचं नाही, आणि एक दिवस जरा सैल पडलं की नोटीस बोर्ड. मला त्या झडपेबद्दल हळूहळू आपुलकी वाटायला लागली होती.

रविवारी काम काढलं. बातमी फुटलीच होती. काका बालदी उपडी घालून संडासाच्या दारात बसले. सोबत खायच्या रंगाची बाटली. केशरी. "पुरावा लागेल," म्हणाले. गळती कळते ती अशीच. टाकीत रंग टाकायचा, अर्धा तास फ्लश करायचा नाही, आणि भांड्यातलं पाणी रंगतं का बघायचं. त्यासाठी मी सडकी झडप परत लावली! आम्ही दोघांनी दारात बसून चहा घेतला. वीस मिनिटांत भांड्यात सूर्योदय झाला. काकांनी वेळ टिपली.

मग टाकीला पाणी देणारा नळ, अँगल कॉक, बंद केला. तो अकरा वर्षं फिरवलेला नव्हता, त्यामुळे फिरता फिरता त्याने स्वतःची वेगळी गळती सुरू केली. काकांनी तीही टिपली. टाकी रिकामी केली, झडपेचे दोन्ही कान ओव्हरफ्लोच्या नळीवरून सोडवले. "टाकीत क्लोरीनच्या वड्या टाकता?" काकांनी विचारलं. आतून बायको म्हणाली, "वास चांगला येतो." "रबर खातात त्या!" आत भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. भोकाच्या कडेवर क्षाराचा थर होता, तो घासला. कडा खडबडीत राहिली की नवी झडपही गळते. नवी बसवली. खरी मेख साखळीत. आखूड राहिली तर झडप बसत नाही, लांब राहिली तर तीच झडपेखाली अडकते. साधारण अर्धा इंच ढील हवी. काका मागून सांगत होते, "सोड… सोड… अरे, पतंग उडवल्यासारखी सोड!" 'अहो'वरून ते 'अरे'वर कधी आले, मला कळलं नाही. चौथ्या खेपेला जमलं. पुन्हा रंग, पुन्हा चहा. अर्धा तास भांडं पांढरंशुभ्र. बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी काकांकडे बघून फक्त "हं" केलं.

इथे आनंदीआनंद व्हायला हवा होता. पण सोमवारी सकाळी खाली उतरलो, तर आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी रोजच्यासारखी ओसंडून वाहत होती. रोज. पंप चालू करायचा आणि वॉचमन आंघोळीला जायचा, वीस मिनिटं पार्किंगमध्ये धबधबा. माझ्या स्कूटरची सीट सहा महिने वाळलेली नाही. वीस मिनिटांत किती 'पाचवे' वाहून जातात, याचा हिशेब कोणाच्या वहीत नाही. मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, "तो कॉमनचा विषय आहे, वार्षिक सभेला, एजीएमला घ्या." आणि माझा संडास? तो कॉमन होता का? माझी नोटीस तरी उतरवा म्हटलं, तर म्हणाले आठ दिवस व्हायचेत. आता महिना झाला. फक्त (३०२) वर कोणीतरी लाल पेनाने बरोबरची खूण केलीय.

परवा संध्याकाळी काकू आल्या. स्टीलच्या डब्यात शिरा घेऊन. "ह्यांना फार आनंद झालाय, आता रात्रीची झोप लागते." झाकण उघडलं. शिरा केशरी होता. तोच केशरी. मी आणि बायकोने एकमेकांकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "मला भूक नाही." बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या.

उरलेला फ्रिजमध्ये आहे. डबा परत करायचाय, आणि रिकामा डबा परत करायचा नसतो. बायको दोन दिवस विचारतेय, आपण काय द्यायचं. बाबा म्हणतात, श्रीखंड द्या, डबा आहे की घरात.