स्क्रिप्टमधून दुसरे प्रोग्राम चालवणं बेभरवशाचं नाही

दारव्हा-दिग्रसकडच्या सेवा केंद्रचालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "बॅच फाइल किंवा पायथनच्या स्क्रिप्टमधून दुसरे प्रोग्राम चालवू नका. काम संपलं का, बरोबर झालं का, हे स्क्रिप्टला कळत नाही. अडकलं तर थांबवता येत नाही. वरून व्हायरस शिरतो." स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल; बॅच फाइल ही विंडोजची स्क्रिप्ट, पायथन ही स्क्रिप्ट लिहायची एक भाषा. जूनमध्ये दाखल्यांसाठी दारात रांग असते आणि केंद्रातली पोरं एकेक फोटो हाताने लहान करत बसतात; तेच काम स्क्रिप्ट दुसऱ्या प्रोग्रामकडून करून घेऊ शकते. त्यांचे तास वाया घालवणारा हा सल्ला आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

काम संपल्याचं कळत नाही, हे चूक. पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवणारं 'सबप्रोसेस.रन' तो प्रोग्राम संपेपर्यंत थांबतंच. बॅच फाइलमध्ये 'स्टार्ट' वापरलं की स्क्रिप्ट पुढे पळते; त्याला '/वेट' जोडा.

बरोबर झालं का, हा मुद्दा मात्र नीट पाहू. प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा देऊन जातो, तो एक्झिट कोड. रिवाज असा की 0 म्हणजे काम झालं, दुसरं काही म्हणजे गडबड. बॅच फाइलला तो 'एररलेव्हल'मध्ये मिळतो, पायथनला 'रिटर्नकोड'मध्ये. पण हा रिवाज सगळे पाळत नाहीत. विंडोजचं रोबोकॉपी फाइली नीट कॉपी झाल्या की 1 देतं. 0 म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच. बिघाड 8 पासून पुढे. हे माहीत नसलं की पेनड्राइव्हवर व्यवस्थित झालेला बॅकअपही फसल्यासारखा दिसतो, आणि बोल लागतो स्क्रिप्टला. म्हणून ज्या प्रोग्रामला कामाला लावता त्याचे आकडे आधी वाचा. आणि आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा नवा फोटो आधी तात्पुरत्या नावाने बनवा; यश कळल्यावरच खरं नाव द्या. लाइन आली की अर्धवट फाइल पूर्ण समजून पुढे जाण्याची भीती उरत नाही.

थांबवता येत नाही? 'सबप्रोसेस.रन'ला 'टाइमआउट=60' द्या, साठ सेकंदांनी पायथन त्या प्रोग्रामला बंद करतं. इथे एक खाचखळगा खरा आहे: 'शेल=ट्रू' ठेवलं असेल तर मरतो तो मधला शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम; त्याने सुरू केलेला प्रोग्राम मागे चालूच राहतो. शेल टाळा, नाहीतर प्रोग्राम बंद करणाऱ्या विंडोजच्या 'टास्ककिल' आज्ञेला '/टी' लावून शेल आणि त्याने सुरू केलेले प्रोग्राम, असं अख्खं झाड खाली आणा.

राहिला व्हायरस. चालवलेल्या प्रोग्रामला सहसा तुमच्या स्क्रिप्टइतकेच अधिकार असतात, हाताने उघडला तरी तेवढेच. सांभाळायचं ते फाइलच्या नावांना. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोच्या नावात मोकळ्या जागा असतात, अवतरणचिन्हं नसली की नावाचे तुकडे पडतात. नावात '&' असेल तर शेल त्यापुढचा भाग वेगळी आज्ञा म्हणून चालवू शकतो. पायथनमध्ये आज्ञा एका ओळीत न जोडता यादी करून द्या: प्रोग्राम वेगळा, फाइलचं नाव वेगळं.